खड्ड्यातला नळ

आमच्या घरचा नळ जमिनीच्या वर नव्हता, खाली होता. कॉलेजमध्ये मी हे सांगितलं तं नागपूरच्या मैत्रिणी हसत सुटल्या. एक म्हणे, काहून वं, तुमच्याकडे पाणी झोपून येते का? मी पण हसली तेव्हा. म्हणून आधी खड्ड्याचं सांगून टाकते, मग ताईचं, कारण ताईच्या जिवाचा आम्हाले जो घोर लागला तो त्या खड्ड्यातूनच निघाला.

तं आमचं गाव. नागपूरवरून बसनं पाऊण तास. नाव नाही सांगत, मले अजून इथंच राहाचं आहे. गाव म्हणा, छोटं शहर म्हणा, दोन्ही चालते. पाण्याची टाकी वरच्या अंगाले, बस स्टँडजवळ, अन् आमची गल्ली एकदम खालच्या टोकाले, नाल्याच्या अलीकडे. पाणी एक दिवसाआड येते, सकाळी सहा ते पावणेसात. वरचे लोक भरतात, मधले भरतात, अन् उरलंसुरलं आमच्याकडे येते, तेही धापा टाकत. जमिनीवर दोन फूट उभ्या नळापर्यंत त्याले चढताच येत नाही.

मग काय करायचं? पाणी वर येत नाही तं नळ खाली न्यायचा. घरासमोर खड्डा करायचा, पाईप कापायचा, अन् त्याचं उघडं तोंड खड्ड्याच्या तळाशी ठेवायचं. टोटी-बिटी काही नाही. पाणी खड्ड्यात जमा होते, गंजानं, म्हणजे छोट्या पातेल्यानं, बादलीत भरायचं, बादलीतून गुंडात, म्हणजे हंड्यात. आमच्या गल्लीत प्रत्येक घरासमोर असा खड्डा आहे. ज्याचा जास्त खोल त्याले जास्त पाणी. एकानं खोल केला की पुढच्या रविवारी शेजारचा त्याच्याहून चार बोटं खोल करते.

लहानपणी आमचा एक खेळ होता. पावणेसातले पाणी बंद झालं की खड्ड्यात उतरायचं अन् पाईपाच्या तोंडाले तळहात लावायचा. पाईप हात ओढून घ्यायचा. खरंच, गोल वळ उमटायचा तळहातावर. गोळीचा चकचकीत कागद ठेवला तं सुर्रकन आत. आम्ही म्हणायचो, नळ श्वास घेऊन राहिला. कोणाचा कागद आधी जाते याच्या शर्यती लावायचो. तो कागद आत जाऊन पुढं कुठं निघते, हे कोण्या मोठ्या माणसानंही कधी विचारलं नाही, तं आम्ही काय विचारणार.

आता बाबांचं. बाबा कोळशाच्या खदानीत होते, आता रिटायर आहेत. स्वभावानं शांत माणूस, पण त्यांच्यासमोर नळाले नाव ठेवलेलं चालत नाही. याचं कारण मले ताईनं सांगितलं, बाबा स्वतः कधी बोलत नाहीत. ते लहान असताना त्यांची आई विहिरीवर पाण्याले जायची, पण विहिरीपाशी नाही जायची. दूर थांबायची, गुंड खाली ठेवून, कोणाले दया येऊन कोणी वरून पाणी ओतेपर्यंत. बाबा तिच्या पदराले धरून उभे. कधी कधी दुपार व्हायची. म्हणून आमच्या स्वतःच्या घरी नळ लागला त्या दिवशी बाबांनी फोटोवाल्याले बोलावलं. तो फोटो अजून शोकेसमध्ये आहे. नळ तेव्हा जमिनीच्या वर होता. बाबा इस्त्रीच्या शर्टात, टोटीवर हात ठेवून उभे, अन् नळाले झेंडूचा हार. आम्हा दोघी बहिणींचा एवढा मोठा फोटो नाही घरात.

यंदा एप्रिल लागला अन् ताई आली. पहिलं बाळंतपण, सातवा अर्धा सरलेला. भाऊजी बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहेत, त्यांच्या शिफ्टचा काही भरवसा नाही, म्हणून ती दोन महिने आधीच येणार होती. मी तं नाचून राहिली होती घरात. यादी केली होती मी, ताई आल्यावर काय काय खायचं, कोणते कोणते सिनेमे मोबाईलवर पाहायचे. अन् आई एकच गोष्ट घेऊन बसली होती, पाणी. दोन जीवांची बाई, तिची आंघोळ, तिचे कपडे, पुढं बाळाचे कपडे, अन् आपल्याकडे पाऊण तासात चार गुंड.

कल्पना माझी होती. हे मी कोणापासून लपवलं नाही अन् इथंही लपवत नाही. मी म्हटलं, खड्डा अजून अर्धा फूट खाली घेऊ अन् पाईपाले मोटर लावू. छोटी ती टुल्लू मोटर, घरोघरी असते.

बाबा म्हणे, "लाइनीले मोटर लावणं बरोबर नाई पोरी. ते पाणी ओढणं झालं. दुसऱ्याचं."

"सगळेच तं लावून राहिले बाबा. निम्म्या गल्लीत आहे."

"सगळ्यायचं सोड."

"मग ताईले गंज देऊन खड्ड्यात उतरवणार का तुम्ही? सातव्या महिन्यात?"

संध्याकाळी बाबा टिकास-फावडं घेऊन खड्ड्यात उतरले. मी माती उपसली. मोटरचा पाईप नळाच्या तोंडावर बसत नव्हता, तं सायकलच्या ट्यूबचा तुकडा मीच गुंडाळला, मीच तारेनं आवळला. दुसऱ्या सकाळी बटन दाबलं अन् पाणी असं आलं ना, असं आलं, की आई मागं सरकली. वीस मिनिटांत घरातलं सगळं भरलं. गुंड, बादल्या, ड्रम, कुलर, दुधाचं पातेलंसुद्धा. मी व्हिडिओ काढला अन् स्टेटस टाकला, "आमच्या घरी नदी आली." एक्याऐंशी जणांनी पाहिला. तो मी नंतर डिलीट केला.

ताईले सोडाले भाऊजी आले तेव्हा त्यांच्यासोबत वीस लिटरची निळी कॅन होती, फिल्टरच्या पाण्याची. बाबांनी कॅनकडे पाहिलं.

"हे काय आणलं जावईबापू?"

"काही नाही बाबा, पाणी आहे. म्हटलं इथलं पाणी सोसते नाही सोसते. मी दर चार दिवसांनी आणून देत जाईन."

"माह्या घरी नळ हाय," बाबा म्हणे. एवढंच. आवाज पण नाही चढवला.

भाऊजींचा चेहरा पडला. अन् ताई, माझी ताई, पाय धुतल्याबरोबर माठाकडे गेली, एक ग्लास पाणी गटागटा प्याली, मग दुसरा भरला अन् बाबांकडे पाहत पाहत तोही प्याली. म्हणे, "तिकडच्या फिल्टरच्या पाण्याले चवच नाही बाबा. पाणी असं लागलं पाहिजे." बाबा हसले. आईनं कॅनमधल्या पाण्यानं तांदूळ धुतले, उरलेलं कुलरमध्ये ओतलं अन् रिकामी कॅन भाऊजींच्या हाती वापस दिली.

त्या दोन ग्लासांचं मले आजही स्वप्न पडते.

पहिले आठ दिवस मजेचे होते. ताई माठातलं थंड पाणी पिऊन राहिली, पोटातलं बाळ लाथा मारून राहिलं, मी पोटाले कान लावून बसून राहिली. आई पाणी गाळल्याशिवाय भरत नाही, जुन्या सुती लुगड्याचा दुपदरी तुकडा आहे तिच्याकडे. एका सकाळी म्हणे, "काहून वं, हे फडकं असं बुळबुळीत काहून होऊन राहिलं?" मी म्हटलं, मोटर जोरानं ओढते, पाईपातला गाळ येत असंल. आईनं तुरटी फिरवली. पाणी काचेसारखं दिसाले लागलं. काचेसारखं दिसणाऱ्या पाण्यावर कोण शंका घेईन?

शेजारी एक काकू राहतात. भिंतीले भिंत लागून घर, अन् आमच्या खड्ड्यापासून सहा पावलांवर त्यांचा खड्डा. बोलाले एकदम तिखट. त्यांनी एक दिवस ताईसमोरच मले टोमणा मारला, "तुमची मोटर घरघर कराले लागली का माह्या खड्ड्यातलं पाणी खाली जाते वं माय. जसं कोणी स्ट्रॉ लावून पिऊन राहिलं."

मी म्हटलं, "मग तुम्ही पण लावा ना काकू स्ट्रॉ."

"हो, अन् मग तुही माय येईन भांडाले."

सगळ्या हसलो. ताई तं पोट धरून हसली. मी त्या वाक्यावर तेव्हा दोन मिनिटं जरी विचार केला असता तं. पण नाही केला.

काकूंचा मोठा पोरगा त्याच आठवड्यात आजारी पडला. चांगला हट्टाकट्टा माणूस, ट्रक चालवते. आधी ताप, मग उलट्या, मग हगवण, अन् चौथ्या दिवशी डोळे पिवळे. कावीळ. काकूंनी कुठून तरी काविळीची माळ आणली, त्या झाडाच्या मुळाच्या तुकड्यांची असते ना, डोक्यावर ठेवतात अन् ती वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणतात. तो डोक्यावर माळ घेऊन ओसरीत बसायचा अन् काकू त्याचे कपडे, त्याच्या चादरी धुवायच्या. कुठं? तं खड्ड्याच्या काठी. पाणी तिथंच असते तं कपडे तिथंच धुतात सगळे, आम्ही पण. सांडलं ते खड्ड्यात जाते. पाणी बंद झाल्यावर खड्ड्यात जे साचून राहते त्याकडे कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्या दिवशी ते आपोआप कमी झालेलं असते. मुरलं असंल, असं वाटते.

मग गल्लीत अजून दोघांचे डोळे पिवळे झाले. आशा वर्कर मावशी घरोघरी फिराले लागल्या. आमच्याकडे आल्या तं ताईले पाहून दारातच थांबल्या.

"कितवा?"

"सातवा सरत आला," आई म्हणे.

"पाणी कोणतं पिऊन राहिली ही?"

"नळाचं. गाळून, तुरटी लावून."

मावशी खाली बसल्या. म्हणे, "उकळून?" आईनं नाहीची मान हलवली. मावशींनी पिशवीतून बोटाएवढी एक काचेची बाटली काढली, आत तळाशी कसलीतरी पूड अन् कागदाचा तुकडा होता. म्हणे, खुणेपर्यंत पाणी भर, झाकण लाव, घरात उबेले ठेव. पाणी चांगलं असंल तं रंग बदलणार नाही. घाण असंल तं एक-दोन दिवसांत काळं होईन. अन् जाता जाता मले बाजूले घेऊन हळूच बोलल्या, "एक कावीळ अशी राहते बाई, बाकीच्यायले महिनाभर लोळवून सोडून देते. पोटुशी बाईले नाई सोडत. पाह्य तू. तुह्या बहिणीकडे लक्ष ठेव."

मी बाटली भरली. नागपूरकडच्या एप्रिलमध्ये उबेची काय कमी, शोकेसमध्ये ठेवून दिली, बाबांच्या फोटोच्या बाजूले. दुपारी पाहिलं, पाणी फिक्कट तपकिरी. संध्याकाळी चहासारखं. सकाळी उठून पाहिलं तं डांबर. इकडून तिकडचं दिसत नव्हतं.

मी बाटली बाबांसमोर धरली. बाबा म्हणे, "तुहे हात खराब असतीन. नाईतं बाटलीच खराब असंल."

मी मावशींकडून दुसरी बाटली आणली. ती बाबांनी भरली. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मोटर सुरू असताना धारेखाली बाटली धरली, थेंब इकडचा तिकडं होऊ दिला नाही. अन् शोकेससमोर खुर्ची टाकून बसले. जेवाले तिथंच बसले. बातम्या लावल्या नाहीत. त्या बाटलीत जसजसा रंग चढत गेला तसतसे बाबा खुर्चीत मागं मागं टेकत गेले. ही बाटली माझ्यावालीपेक्षा लवकर काळी झाली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी बाबा म्हणे, "तू काकूच्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राह्य. मी मोटर चालू करतो. काय दिसते ते सांग."

मी गेली. काकूंच्या खड्ड्यात वीतभर पाणी होतं, राखट, वर साबणाचा फेस, अन् एक भाताचं शीत तरंगून राहिलं होतं. पाईपाचं तोंड त्या पाण्यात बुडलेलं. आमच्याकडून मोटरची घरघर ऐकू आली. आधी काही झालं नाही. मग ते शीत हळूच सरकलं. गोल फिराले लागलं. पाणी खाली, अजून खाली, पाईपाच्या तोंडाशी छोटा भोवरा. शीत तीन वेळा फिरलं अन् आत गेलं.

मी पळत घरात आली. आमच्या मोटरच्या पाईपातून जाड, जोरदार, काचेसारखी धार पडून राहिली होती गुंडात. गुंडावर आईचं फडकं. बाबा माझ्याकडे पाहून राहिले होते. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी बटन बंद केलं.

म्हणजे सगळ्या गल्लीचे खड्डे एकमेकांशी जोडलेले होते. पाणी बंद झालं की लाइन सगळ्यांच्या खड्ड्यातलं ओढून घ्यायची, अन् आमची मोटर सुरू झाली की काकूंचं तं सरळच आमच्याकडे. काकूंच्या पोराच्या चादरीचं पाणीसुद्धा. ताई बारा दिवस माठातून तेच पिऊन राहिली होती, चव आहे चव आहे म्हणत.

ताईले आम्ही त्याच दिवशी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बसमध्ये ती खिडकीतून बाहेर पाहत होती अन् पोटावर हात फिरवत होती, अन् माझ्याशी सिनेमाचं बोलत होती. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणे, "आत्ताचा रिपोर्ट चांगला आहे. पण हा आजार पोटात गेल्यावर लगेच दिसत नाही. दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने. डोळे बघत राहा, लघवीचा रंग बघत राहा. मळमळ, ताप, काहीही झालं तर थांबायचं नाही, सरळ इथे यायचं."

ताईनं विचारलं, "अन् झाला तं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "होऊ नये. दोघांनाही जड जातं."

दवाखान्याच्या बाहेर भाऊजी आले होते शिफ्ट सोडून. माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी. ताईले म्हणे, "तू आता इकडे चल."

ताई म्हणे, "प्यायचं होतं ते पिऊन झालं. आता तिकडे येऊन ते पोटातून निघणार आहे का? आता मी गेली तं बाबा मरून जातील. उकळलेलं पिईन, तुम्ही कॅन आणा, पण मले राहू द्या."

या वेळी कॅन आली तं बाबांनी स्वतः उचलून आत नेली.

मग ते रोजचं सुरू झालं. सकाळी ऊन अंगणात उतरलं की मी ताईले खुर्चीवर बसवायची, बोटानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढायची अन् पांढऱ्यात पाहायची. "वर पाह्य. आता खाली." ती म्हणायची, "नखं काप वं, डोळा फोडशील." मग मी तिचे तळहात पाहायची, नखं पाहायची. मग ती बाथरूममधून येऊन सांगायची, चहासारखा नाही, साधाच आहे. एवढं झालं की आई चूल पेटवायची. तिनं जेवताना एक घास जरी थांबून घेतला तं तिघांचेही हात थांबायचे. एकदा तिले उलटी झाली अन् आई देवाले हात जोडावेत तसे त्या दवाखान्याच्या फाईलले हात जोडून बसली. निघालं काय, तं दोन कैऱ्या खाल्ल्या होत्या लपून.

बाबांनी आमचा खड्डा बुजवला. मोटर काढली, पाईप पुन्हा वर घेतला, टोटी बसवली, एकदम फोटोत आहे तसा. त्यात एक थेंब येत नाही, चढतच नाही. मग ते गल्लीत घरोघरी गेले सांगाले, की सगळ्यांनी मिळून खड्डे बुजवू, मोटरी काढू, मग दबाव बनंल अन् वर पाणी येईन. मी सोबत होती. पहिल्या घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरी म्हणे, आधी वरच्या गल्लीले सांगा. तिसऱ्या घरी एक काका, बाबांसोबत खदानीत होते, ते म्हणे, "काहून गा भाऊ, तुह्या पोरीचं बाळंतपण होईपर्यंत आमी तहानेनं मरावं का? मोटर तूच लावली ना? आता शिकवून राहिला."

बाबा म्हणे, "हो. मीच लावली."

तिथून ते सरळ घरी आले.

काकू मात्र आमच्याकडे आल्या. ओसरीत बसल्या, अन् ताईच्या पायाकडे पाहत म्हणे, "मले का मालूम होतं वं बाई. मी तं धुवत होती." ताईनं त्यांचा हात धरला. काकूंनी खड्डा नाही बुजवला पण. कसा बुजवणार, घरात आजारी माणूस, पाणी लागते.

असे पंचवीस दिवस गेले. ऊन तापत चाललं होतं. मले भूक लागत नव्हती, पाय दुखायचे, कॉलेजचे पेपर झाल्यावर मी दुपारभर झोपून राहायची. आई म्हणे ऊन लागलं असंल, कांदा ठेव खिशात. मले पण तसंच वाटलं. माझं सगळं ध्यान ताईच्या डोळ्यांत होतं.

सव्विसाव्या सकाळी मी नेहमीसारखी तिच्यावर वाकली. पापणी ओढली. पांढरं. दुसरा डोळा, पांढरं. म्हटलं, "पास." ती हसली नाही. माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती, अगदी जवळून.

"काय झालं?"

"थांब," ती म्हणे. "तू बस इथं."

"काहून?"

"बस म्हटलं ना. इकडे कर तोंड, उजेडात." अन् तिनं माझी पापणी ओढली.

आई दारातून पाहत होती. तिच्या हातातली काडी तशीच विझली, चूल पेटलीच नाही.

तेच पाणी मी पण प्याली होती ना. आम्ही सगळेच प्यालो होतो. कोण्या दिवशीच्या कोण्या ग्लासात ते होतं, कोणाले माहीत. ताईचा ग्लास अन् माझा ग्लास, एकाच माठातले.

भाऊजी दोन तासांत आले. या वेळी ताईनं अडवलं नाही. बाबांनीच तिची बॅग भरली, बाळासाठी आईनं शिवलेल्या झबल्यांसकट. निघताना ती माझ्याजवळ येऊन बसणार होती तं मीच म्हटलं, दुरून बाय कर. तिनं दारातून हात केला. पाठमोरी चालताना ती इतकी जड वाटली ना, एका हातानं कंबर धरून.

मी आता बरी होऊन राहिली. हे सगळं मी खाटेवर पडून मोबाईलवर टाईप करून राहिली, दोन्ही अंगठ्यांनी. डॉक्टर म्हणे आराम कर, पण आरामात डोक्यात तेच शीत फिरत राहते. काकूंनी त्यांच्या पोराची माळ माझ्यासाठी पाठवली, तो उठून पुन्हा ट्रकवर गेला. आईनं ती माझ्या डोक्यावर ठेवली. मी नाही काढली. बाबा सकाळी शाळेजवळच्या बोरिंगवर जातात, हातपंप आहे तिथं, रांग लागते. खांद्यावर गुंड घेऊन जातात. आई म्हणे मी जाते, तं म्हणतात, नाई, मी थांबीन. आणलेलं पाणी वीस मिनिटं उकळतात, घड्याळ लावून, अन् पहिला ग्लास मले देतात.

नवतपा लागला आहे, मेअखेरचे ते नऊ आगीचे दिवस. ताईले नववा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दोन महिने पूर्ण व्हाले अजून सतरा दिवस आहेत, अन् बाळ सतरा दिवस थांबंल की नाही, सांगता येत नाही. दर आठवड्याले तिचं रक्त तपासतात. सहा वाजता मी तिले व्हिडिओ कॉल करते, अन् मी काही म्हणायच्या आत ती मोबाईल डोळ्यापाशी नेते अन् पापणी ओढते.

आज सकाळी तिच्या खोलीत पिवळा बल्ब लागलेला होता. सगळंच पिवळं. तिचं तोंड, उशी, भिंत.

म्हटलं, "उजेडात जा ताई. खिडकीत."

"उठवत नाही वं सकाळी सकाळी. लई जड झाली."

"जा ना."

ती उठली. मोबाईल हलाले लागला, छत दिसलं, पंखा दिसला, दाराची चौकट. तिचा श्वास ऐकू येऊन राहिला होता. मग खिडकी आली अन् स्क्रीन एकदम पांढरी झाली, काहीच दिसेना. मी वाट पाहिली. बाबा गुंड घेऊन निघाले होते ते दारातच थांबले.

मग तिचा डोळा आला. मोठा, जवळून. बारीक लाल शिरा, अन् बाकी पांढरं.

"दिसलं?" ती म्हणे.

"दिसलं. पांढरं आहे."

"मग उद्या."

"उद्या," मी म्हटलं.

बाबा बाहेर पडले. पाण्याचा दिवस होता. गल्लीत एकामागून एक मोटरी सुरू झाल्या.